ज्वालामुखीची राख

डोंगरउतारावरच्या त्या द्राक्षमळ्याचा मालक मुळात शाळेत भूगोल शिकवायचा. वडील गेले, मळा गळ्यात पडला आणि मास्तर घरी परतला. खडू सुटला, पण शिकवायची खोड काही सुटली नाही. वाइन चाखायला येणारे पाहुणे हा त्याचा नवा वर्ग झाला, आणि या वर्गाला मधली सुट्टीही नव्हती.

मळ्यात सगळ्यात वर, कड्याच्या पायाशी, काळ्या मातीचा एक पट्टा होता. बाकी डोंगर तांबूस, मुरमाड. हा मात्र काजळासारखा. तिथल्या द्राक्षांची रेड वाइन खरोखरच झकास व्हायची. चांगल्या वाइनला तितकाच चांगला इतिहास हवा, म्हणून मास्तरने तो पुरवला. “हजारो वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी फुटला,” तो पाहुण्यांना त्याच पट्ट्यात उभं करून सांगायचा, “त्याची ही राख. माझ्या आजोबांनी ती जिभेवर ठेवली आणि म्हणाले, द्राक्षं इथेच लावायची!” एवढं बोलून तो स्वतःही चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा. बारा वर्षांत निदान पाटीभर माती त्याच्या पोटात गेली असेल.

यंदा त्या पट्ट्यातल्या वेली पिवळ्या पडू लागल्या. मास्तर हवालदिल झाला. मातीची तपासणी करणाऱ्या बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी छातीइतका खड्डा खणवला आणि स्वतः आत उतरल्या. वर मास्तर, मळ्यातल्या मजुरांची मुकादमबाई आणि बांधावर बसलेली मास्तरची ऐंशी वर्षांची आत्या.

थोड्या वेळाने खड्ड्यातून एक हात वर आला. हातात भाजक्या विटेचा तुकडा. मग कोळशाचे गोळे. मग एक गंजकी, वाकडी वस्तू.

“किटलीची चोच आहे,” मुकादमबाई म्हणाली. “ज्वालामुखी चहा प्यायचा वाटतं.”

“अगं बाई, ही तर आमचीच किटली!” आत्या बांधावरून उठली. “इथे बाबांची कोळशाची भट्टी होती.”

मास्तरच्या पायाखालची जमीन सरकली. खड्डा शेजारीच असल्याने त्याने आधी एक पाऊल मागे घेतलं. “आणि आजोबांनी माती चाखली, ते?”

“चाखेल कशाला? तोंडावर पडला असेल. डोंगरावरचं लाकूड संपलं, भट्टी विझली. दगडगोटे काढून साफ केलेली तेवढीच जागा होती. दुसरीकडे खणायचं कोणी? माझा बाप एक नंबरचा आळशी. द्राक्षं लावली ती माझ्या आईने. तो आपला सावलीत बसून बोट दाखवत होता.”

“आत्या, बारा वर्षं तू हे ऐकत होतीस. बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कधी? आणि मला वाटलं, शिकलेला आहेस, पुस्तकात असेल तसं.”

मास्तरला स्वतःचंच हसू यायला लागलं, पण ते रडण्याच्या इतकं जवळ होतं की त्याने ते खोकल्यावर निभावलं. त्याने छापलेल्या माहितीपत्रकात आजोबा अकरा वेळा होते. आजी एकदाही नव्हती.

“मग आमची वाइन चांगली कशाने होते?” त्याने बाईंना विचारलं.

“उतारामुळे,” बाई हात झटकत म्हणाल्या. “पाणी मुळाशी थांबत नाही. शिवाय कड्याचा दगड दिवसभर तापतो आणि ती ऊब सांजेपर्यंत धरून ठेवतो. कोळशाने माती जराशी भुसभुशीत झाली, इतकंच. आता ती भुसभुशीतही राहिली नाही. वरचा थर तुडवून तुडवून दगडासारखा झालाय, मुळांना श्वास घेता येत नाही. इथे रोज माणसं उभी करता का?”

मुकादमबाईने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने आभाळाकडे पाहिलं. वेलींना रोग नव्हता. वेलींना त्याचं भाषण लागलं होतं.

दुपारी चार वाजता पाहुणे आले. राख तर राखच, फक्त ज्वालामुखी गाळला की झालं, असा एक विचार मास्तरच्या मनात डोकावून गेला. पण आत्या समोरच खुर्ची टाकून बसली होती. त्याने पाहुण्यांना खाली अंगणातच थांबवलं आणि अडखळत सगळं सांगून टाकलं: भट्टी, किटली, आळशी आजोबा, आपण खाल्लेली माती. पाहुणे पोट धरून हसले. इतका मन लावून ऐकणारा वर्ग त्याला शाळेतही मिळाला नव्हता.

“मग आजींनी एकटीने एवढा उतार कसा लावला?” एका पाहुणीने विचारलं.

मास्तरला ते माहीत नव्हतं. त्याने आत्याकडे पाहिलं.

“तीन हिवाळे लागले,” आत्या म्हणाली. “पहारीने एकेक खड्डा. रोपं पाठीवर, ओढ्याचं पाणी डोक्यावर, आणि मी मागे रडत. पहिली वाइन अशी आंबट झाली की बाबांनी थुंकून टाकली. आईने मात्र पेला संपवला. म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.”

मास्तर खिशातली वही काढून भराभर उतरवू लागला.

“लिहीत काय बसलास?” आत्या डाफरली. “पाहुण्यांचे ग्लास रिकामे झालेत, ते भर आधी.”

तो निमूटपणे बाटली घेऊन उठला.