मग कुत्र्याचं काय झालं?

नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंची लाल शाई बावीस वर्षं वाया जात होती. निबंध तपासून परत दिला की मुलं तेवढे गुण बघत आणि वही दप्तरात कोंबत. समासातल्या सूचनांकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. निबंध सुधारून पुन्हा लिहा म्हटलं की सगळ्या वर्गाची एकदम बोटं दुखायला लागत.

यंदा शाळेत चाळीस टॅब आले आणि बाईंनी ते विज्ञानवाल्यांच्या नाकावर टिच्चून पटकावले. मुलांनी निबंध टॅबवर लिहायचा, बाईंनी शेरा बोलून पाठवायचा. तो सगळ्या वर्गाला ऐकता यायचा आणि किती वेळा ऐकला गेला, तो आकडा बाईंना दिसायचा. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, अट मात्र घातली होती. महिनाअखेर निम्म्या वर्गाने तरी निबंध पुन्हा लिहिला पाहिजे, नाहीतर टॅब प्रयोगशाळेत जातील. पहिल्या आठवड्यात बाईंनी चाळीस शेरे पाठवले. ते ऐकले तिघांनी, त्यातल्या एकीने चुकून. हे तिने स्वतःच सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात बाई स्वयंपाकघरात बसून काम करू लागल्या, कारण घरात नेट तिथेच धड मिळायचं. समोर सासरे मटार सोलत बसलेले. छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले होते. इंग्रजी अक्षर न् अक्षर त्यांना उलटंसुद्धा ओळखता यायचं, पण जुळवलेल्या मजकुराचा अर्थ कुणी कधी सांगितला नव्हता. आता नजर गेली होती, तोंड मात्र ठणठणीत होतं. म्हणून बाई प्रत्येक निबंध मोठ्याने वाचत, त्यांना अर्थ सांगत आणि मग बटण दाबून शेरा बोलत.

एका संध्याकाळी रेकॉर्डिंगचं बटण चुकून आधीच दाबलं गेलं. निबंध होता मागच्या बाकावरच्या एका मुलीचा. ती इतकी अबोल की वर्गाने तिचं नाव ‘शांतता राखा’ ठेवलं होतं. निबंधही तसाच, चार ओळींचा. कुत्रा हरवला, सगळे शोधायला गेले, अंधार पडला, सगळे घरी आले. सासऱ्यांचा हात मटारावरच थांबला.

“मग कुत्र्याचं काय झालं?”

बाई म्हणाल्या, तिने लिहिलेलं नाही.

“असं कसं? कुत्रा बाहेर आणि ही घरी येऊन जेवली? विचार तिला.”

सकाळी आकडा होता एकशे सोळा. बाईंनी शेरा उघडून ऐकला, तर त्यात सासऱ्यांचा प्रश्नही गेलेला. त्यांनी कपाळाला हात लावला. आता वर्गात शोभा होणार, या धास्तीने त्या आत शिरल्या. तर ‘शांतता राखा’ उभी राहिली. वर्षात पहिल्यांदाच.

“बाई, आजोबांना सांगा, मी लिहितेय.”

झालं, प्रत्येकाला आजोबा हवे झाले. फुटबॉलच्या सामन्यावर लिहिणाऱ्याला त्यांनी गोलकीपर तेव्हा कुठे कडमडला होता ते विचारलं. ‘माझे ध्येय’वर तर त्यांचं नुसतं घोरणं ऐकू आलं. लिहिणाऱ्याने त्याच दिवशी सगळं पुसून ध्येय बदललं. बाई स्वतःशीच हसत शाळेत येऊ लागल्या, शिक्षकखोलीत त्याचीही चर्चा झाली.

घोरणं मोठ्या बाईंच्या कानावर गेलंच. शाळेच्या शेऱ्यात घरची माणसं बोलायची नाहीत, असा हुकूम निघाला. बाईंनी निमूटपणे खोलीची कडी लावून शेरे बोलले आणि ओट्यापाशी येऊन पाठवले. आकडा आला चार. निबंध पुन्हा लिहिलेले होते अकरा, हवे होते वीस आणि हातात दिवस उरले सहा.

‘शांतता राखा’ने मधल्या सुट्टीत त्यांना जिन्यात गाठलं. आजोबांची तब्येत बरी आहे ना, असं घाबरत विचारलं. बाईंनी तिला खरं ते सांगितलं. ती पायरीवर नख कुरतडत म्हणाली,

“बोलू नका म्हणाल्यात ना? ऐकू नका असं नाही ना म्हणाल्या? आम्ही आजोबांना वाचून पाठवतो.”

शेवटच्या दिवशी बाईंनी मोठ्या बाईंच्या टेबलावर टॅब ठेवला. सदतीस निबंध नव्याने लिहिलेले, सदतीस आवाजांत वाचलेले. एरवी इंग्रजीत हजेरी द्यायलाही लाजणारी मुलं त्यात घडाघडा वाचत होती, चुकत होती, परत मागे जाऊन दुरुस्त करत होती. मोठ्या बाईंनी दोन ऐकले आणि चष्मा काढला.

“कुत्र्याचा कुठे आहे?”

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं तर! बाईंचा जीव भांड्यात पडला. टॅब वर्गातच राहिले आणि आजोबांवरचा हुकूमही मागे घेतला गेला, घोरणं तेवढं वगळून.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बाईंनी सासऱ्यांना तो निबंध लावून दिला. चार ओळींचा आता पाच मिनिटांचा झाला होता. त्या अर्थ सांगू लागल्या, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. आधी आवाज ऐकायचा होता. इंग्रजी संपलं आणि शेवटी मुलगी आपल्या भाषेत हळूच म्हणाली, “आजोबा, सापडला. आमच्याच जिन्याखाली झोपला होता. तुम्ही विचारलंत म्हणून परत शोधायला गेले.”

सासऱ्यांनी हातातली मटाराची शेंग खाली ठेवली.

“चाळीस वर्षं लोकांच्या गोष्टी जुळवल्या,” ते म्हणाले. “माझ्यासाठी शेवट कुणी लिहिला नव्हता. पुन्हा लाव.”

बाईंनी पुन्हा लावला. रेकॉर्डिंगचं बटण या वेळी त्यांनी मुद्दाम दाबून ठेवलं होतं.