उतरणीवरची हाक

ड्रायव्हरने दोन्ही तळहात तोंडाभोवती धरले आणि म्हशीच्या पारडासारखी हाक दिली. बारीक, भुकेली, शेवटी चिरकणारी.

ट्रकमध्ये बसकण मारलेल्या म्हशीने कान टवकारले. तिने आधी मागचे पाय सावरले, मग गुडघ्यांवर जोर देऊन पुढचे. डॉक्टरीणबाई थर्मामीटर हातात धरून बघत राहिल्या. आत्ताच त्यांनी ताप पाहिला होता, एकशे पाच. कास दगडासारखी लागत होती आणि मानेवर सुयांच्या ताज्या खुणा होत्या.

"बघा, उठली की नाही! पोराची हाक आली की मेलेली आईसुद्धा उठते."

"काका, ही लबाडी आहे."

"अहो, काठीसुद्धा लावली नाही! गोड बोलून काम केलं. घरी बायको माझ्या एवढ्या हाकांना उठत नाही."

म्हैस लंगडत, हुंगत उतरणीवरून खाली आली. खाली पारडू नव्हतं. कत्तलखान्याचं दार होतं.

उठता न येणारं जनावर आत न्यायचं नाही, असा नियम होता. त्याला तिथेच सुई देऊन शांत करायचं, पुरून टाकायचं. जिवाचे हाल थांबतात आणि आजारी मांस कुणाच्या ताटात पडत नाही. एवढ्यासाठी तर अंगावर पिणारी लेक सासूबाईंच्या मांडीवर ठेवून डॉक्टरीणबाई रोज या दारात उभ्या राहायच्या. पण फॉर्मवर शेवटी रकाना एकच होता: स्वतःच्या पायांनी उतरली का?

त्यांनी साहेबांना फोन लावला.

"ताप आहे, कास सुजलीय. औषध अजून अंगात असणार."

"प्रवासात तापतातच हो ती. उठली का?"

"उठली, पण..."

"मग पण कसला, बाई? राईचा पर्वत नको."

त्यांनी 'हो'वर खूण केली. हात मात्र तिथून निघेना. शेवटी शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'काठी वापरली नाही. पारडाच्या नकली हाकेवर उठली. असे उठणे प्रकृती ठीक असल्याचा पुरावा मानू नये.' कुणीतरी वाचेल, एवढीच आशा.

आणि खरंच वाचलं. महिन्याभराने साहेब स्वतः परिपत्रक घेऊन आले, चेहरा फुललेला.

"वरती फार आवडलं, बाई. मारहाण नाही, ओरडा नाही. जनावरांशी दयेने वागण्याची पद्धत म्हणून सगळीकडे लागू केलंय. खाली तुमचं नाव आहे बघा."

त्यांनी कागद वाचला. पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी होती. तिसरं नव्हतं.

"माझा घसा वाचला बुवा," उतरणीच्या खांबावर स्पीकर बसवणाऱ्याला शिडी धरून देत ड्रायव्हर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिला ट्रक मागे घेऊन लावला गेला. आत अकरा म्हशी होत्या, त्यांतल्या चार आडव्या. स्पीकर खरखरला आणि पारडू हंबरलं. या वेळी खरं, कुठल्यातरी गोठ्यात आईपासून तोडून रेकॉर्ड केलेलं. आडव्या चारही उठल्या. अकराच्या अकरा माना त्या खांबाकडे वळल्या.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मची फाइल घाईने छातीशी धरली. पण त्यांना पान्हा तोवर फुटला होता. 'हो'च्या रकान्यापर्यंत कागद ओला झाला.