खरवडलेला साचा

"बसते रे, झकास बसते! आता माझं तोंडच वाकडं, त्याला तुझी कवळी बिचारी काय करणार?" ताईने सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि या गालातून त्या गालात नुसतीच घोळवली.

धाकट्या भावाने ते बरोबर टिपलं. बावीस वर्षं दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारा माणूस तो! चावणं कुठलं आणि चावल्याचं नाटक कुठलं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

ताईच्या खालच्या दाढा दोन्हीकडच्या गेलेल्या. दोन्हीकडचे नवे दात जोडणारी धातूची पट्टी पुढच्या दातांच्या मागून, हिरडीला न टोचता जायला हवी. सगळा जीव त्या पट्टीत. ती चुकली की मोत्यासारखे दातही मातीमोल, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

आणि ताईच्याच वेळी पट्टी साच्यावर बसेना. ओतून, घासून आरशासारखी चमकवली, तरी डावीकडे अडायची. नव्याने ओतायची तर आणखी दोन दिवस, आणि "रविवारी दात घालून हसशील," असं तो छातीठोकपणे बोलून बसलेला. मग त्याने पट्टीला हातच लावला नाही. चाकू घेतला आणि ताईच्या तोंडाचा तो प्लास्टरचा साचाच खरवडला. जरासाच. पट्टी खटकन बसली. साच्यावर बघून डॉक्टर म्हणाले, "मास्तर, काय फिट बसलीय!" तोही हसला.

"दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर काय म्हणाले?" त्याने आता ताईला विचारलं.

"सवय होईल म्हणाले. नवी चप्पल नाही का चावत? तीन आठवडेच तर झालेत. आणि ऐक, गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगितलंय मी, माझ्या भावाने केलीय म्हणून!"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ताई, काढ ती. तोंड उघड."

"चल, काहीतरीच तुझं!"

पण तिने कवळी काढली, तोंड उघडलं. मोबाइलच्या उजेडात डावीकडच्या हिरडीवर लालभडक चरा दिसला. चाकू फिरला होता, अगदी तिथेच.

"तोंड तुझं सरळच आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पट्टी चुकली होती. ती सुधारायची सोडून मी साचा खरवडला."

ताईने जिभेने तो चरा चाचपला.

"म्हणजे तीन आठवडे मी उगाच माझ्या तोंडाला नावं ठेवत होते?"

त्याने मान हलवली. "उद्या डॉक्टरांना मीच सांगतो. नवं माप घेऊ."

तिने कवळी धुतली, पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली. मग उरलेल्या सफरचंदाचे अगदी बारीक तुकडे केले आणि ताटली त्याच्याकडे सरकवली.

"घे ना," रिकाम्या तोंडावर हात धरून ती म्हणाली.

त्याने एक तुकडा घेतला. तो तोंडात घोळवत राहिला. चावायचा धीर होईना.