सोमवारचं पनीर

मी टोफू. दचकू नका, नाव परकं असलं तरी मी इथलाच आहे. वलगावच्या काळ्या मातीत, महादेवरावांच्या वावरात शेंगेतून बाहेर पडलो, तेव्हा मला सगळे सोयाबीनच म्हणत. आता एका स्टीलच्या डब्यात, पाण्यात बुडून, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात बसलो आहे. माझा उरलेला तुकडा काडेपेटीएवढा असेल. तो संपायच्या आत मला मन मोकळं करायचं आहे.

महादेवरावांनी जन्मभर सोयाबीन पेरलं, पण त्यांच्या घरात ते कधी शिजलं नाही. आमची पोती भरायची, गाडीत चढायची आणि तेलाच्या कारखान्याकडे जायची. घरात तूर, हरभरा, मूग यांचा मान. आम्हाला कुणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. याचा राग नाही, पण वाईट वाटायचं.

त्यातलं एक पोतं मात्र दरवर्षी अमरावतीच्या वाहेदभाई आणि नगमा या नवरा-बायकोकडे जायचं. राजापेठेत, शिकवणीच्या क्लासखालच्या दोन खोल्यांत नगमा सोया पनीर, म्हणजेच टोफू, करते. तिनं मला रात्रभर भिजवलं, दळलं, आणि पातेल्यात उकळलं ते इतकं की मला वाटलं आता माझं काही खरं नाही. उकळी कच्ची राहिली तर माझा हिरवट वास जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक. मग फडक्यातून गाळलं, लिंबाचं पाणी घालून फाडलं आणि दगडाखाली दाबून ठेवलं. उठलो तो पांढराशुभ्र, अर्ध्या किलोची वडी होऊन.

शनिवारी दामिनी मला न्यायला आली. ही महादेवरावांची सून, माहेर अकोल्याचं, पाचवा महिना चालू. गेल्या वर्षी तिच्या पोटातलं राहिलं नव्हतं. म्हणून या खेपेला तिच्या सासूनं, आशाबाईंनी, बाळंतपण होईपर्यंत सोमवार धरले होते. त्यातच आशाबाईंना टायफॉइड झाला. ताप गेला, पण अन्नावरची वासना गेली. दूध पाहिलं की मळमळ, वरण दोन घास. पायांवर सूज आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रथिनं पोटात गेली नाहीत तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल.

"दामिनीताई, इसका पानी अच्छे से काढजा बरं का," नगमा सांगत होती. "फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवजा. मंग तव्यावर लाल करजा. मंगच चव येते. नाई तं खानारा म्हनीन, नगमानं खोडरबर देलं."

दामिनी हो हो म्हणाली आणि घरी पोचेपर्यंत निम्मं विसरली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, तिला तरी काय बोलू? तिनं माझे तुकडे केले आणि थेट उकळत्या रश्श्यात सोडले. बाहेरून खोबरं-मसाल्याचा रंग चढला, आत मी अगदी फिका. रस्सा माझ्यात शिरणार कुठून, आत तर आधीच पाणी भरलेलं होतं!

"काय हाये वो हे?" आशाबाईंनी विचारलं.

सोयाबीन म्हटलं तर म्हातारी वाटी सरकवून देईल, हे दामिनीला माहीत होतं. "पनीर हाये, आई," ती म्हणाली.

मी रश्श्यात होतो. ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

"आतून फिक्कं लागते माय," आशाबाई म्हणाल्या. तरी चार तुकडे त्यांनी खाल्ले. तेवढ्यावर दामिनीला कोण आनंद झाला! माझा उरलेला अर्धा भाग तिनं पाण्यात ठेवला, आणि रविवारी आठवणीनं ते पाणी बदललं.

मग सोमवार उजाडला.

"आई, आज उपास नका करू ना. डॉक्टरनं नाई म्हटलं हाये," दामिनी सकाळीच म्हणाली.

"काहून नाई करू? उपास मोडला अन तुया पोटाले काई झालं, मंग? डॉक्टर येईन का सांगाले?" आशाबाई कॉटवरूनच म्हणाल्या. उठून बसायचीही ताकद नव्हती, पण आवाजात धार होती. "साबुदाना मले पचत नाई. थे परवाचं पनीर हाये ना, थे दे. दुधाचंच असते थे. उपासाले चालते."

दामिनीनं हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. दोन दिवसांपूर्वी सहज बोललेलं खोटं आता असं दारात येऊन उभं राहिलं होतं. सोयाबीन म्हणजे कडधान्य. आपल्याकडे उपासाला भगर चालते, शेंगदाणा चालतो, बटाटा चालतो. डाळ चालत नाही. खरं सांगावं, तर सासू दिवसभर पाण्यावर राहणार आणि पुढं सुनेच्या हातचा घास घेताना दहादा विचार करणार. न सांगावं, तर सासूचा उपास मोडणार, आणि तो उपास तर दामिनीच्याच लेकरासाठी धरलेला.

ती ओट्यापाशी बराच वेळ उभी होती. मी डब्यातून तिच्याकडे पाहत होतो. सांग बाई, म्हणावंसं वाटत होतं. पुढच्याच क्षणी वाटत होतं, नको सांगू, ती माउली उपाशी मरेल. माझंच काही ठरत नव्हतं, तर तिला मी काय सांगणार!

शेवटी तिनं एक छोटा तुकडा डब्यात ठेवून बाकीच्या मला फडक्यात गुंडाळलं आणि वर वरवंटा ठेवला. आज तिला नगमाचा शब्द न् शब्द आठवला. माझं पाणी निथळलं. तव्यावर शेंगदाण्याचं तेल, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची. त्यात मला कडेकडेनं लाल होईस्तोवर परतलं. वरून दाण्याचा कूट, सैंधव आणि लिंबू. काय सांगू, माझा मलाच वास आवडला. चव मला जन्मानं मिळत नाही हो, ती कुणीतरी द्यावी लागते. त्या दिवशी दामिनीनं ती हात भरून दिली.

आशाबाईंनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "हां! आता लागली चव!" म्हणाल्या. वाटी संपली. वीस-बावीस दिवसांत पहिल्यांदा त्या माउलीनं मागून घेतलं.

तेवढ्यात महादेवराव आत आले. दारातच थांबले. ज्या माणसानं जन्मभर आमच्या राशीवर उभं राहून आमची धूळ नाकात घेतली, त्याच्यापासून मी कसा लपणार? त्यांनी एक तुकडा उचलला, हुंगला, खाल्ला. सुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"कसं हाये पनीर?" आशाबाईंनी कौतुकानं विचारलं.

महादेवरावांनी बायकोच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "चांगलं हाये," म्हणाले, आणि टोपी सारखी करत अंगणात निघून गेले.

आशाबाईंनी वाटीतला शेवटचा तुकडा दामिनीच्या तोंडापुढं धरला. "खाय. तुया लेकरासाठीच तं उपास हाये माया."

दामिनीनं तोंड उघडलं. मी तिच्या जिभेवर होतो आणि ती मला गिळेना. मग गिळलं. आशाबाईंनी देवघराकडे तोंड करून हात जोडले, "महादेवा, हाही सोमवार पार पडला रे बाप्पा," म्हणाल्या. मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं, पण पाय कुठं आहेत मला.

आज मंगळवार. दामिनीनं डबा उघडून पाणी बदललं. आतून आवाज आला, कालच्यापेक्षा जरा ठणठणीत. "दामिनी, पुढच्या सोमवारले जास्त आन वो थे पनीर."

"हो, आई," ती म्हणाली आणि फ्रिजचं दार लावलं.

तुम्ही मला घरी आणलंत तर पाणी काढा, तव्यावर लाल करा, तिखट-मिठाला हात आखडू नका. मी चवीला उतरेन, शब्द देतो. फक्त वाढण्याआधी माझं नाव सांगा. खाणाऱ्याला नको म्हणता आलं पाहिजे.