रंगाखालचा जोड

'चालक दारूच्या अमलाखाली होता,' असे पोलिसांच्या अहवालात लिहिले आहे. ते खोटे आहे. मी तिथे होते. तो अहवाल ज्या बसबद्दल आहे, ती बस मीच.

आज मी बोलिव्हियातल्या एल आल्तो शहराच्या वेशीवर, रेनान साल्दीआस नावाच्या जुन्या बसगाड्यांच्या व्यापाऱ्याच्या आवारात मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. उद्या मला निळा रंग देणार आहेत. एकदा रंग चढला की मी पुन्हा नवी होईन आणि माझे कोणी ऐकणार नाही. म्हणून आजच बोलून घेते.

माझा जन्म जपानमधला, समुद्रकाठच्या एका शहरातला. एकोणीस वर्षे मी तिथे एकाच मार्गावर धावले, रेल्वे स्थानक ते इस्पितळ. माझे चालक पांढरे हातमोजे घालत. दार उघडले की छतातल्या डब्यातून एका बाईचा मुद्रित आवाज यायचा, 'उतरताना पायाखाली पाहा.' म्हाताऱ्या बायका उतरताना त्या आवाजालाही वाकून नमस्कार करत. रोज संध्याकाळी एक माणूस माझ्याखाली जाऊन प्रत्येक बोल्टवर लहानशी हातोडी वाजवून बघायचा. त्या टकटकीचा मला तेव्हा कंटाळा यायचा.

विसाव्या वर्षी मला लिलावात काढले आणि जहाजावर चढवले. चिलीच्या इकिके बंदरात, वाळूवर, माझ्यासारख्या साठ-सत्तर जणी रांगेत उभ्या होत्या. रेनानशेठ हातात खडू घेऊन आमच्यामधून फिरला. माझ्या काचेवर त्याने फुली मारली आणि मी बोलिव्हियाची झाले.

एक अडचण होती. जपानात गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात, आमच्याकडे उजवीकडून. माझे स्टिअरिंग उजव्या अंगाला, दारे डाव्या अंगाला. इथल्या रस्त्यांवर मी सगळीच उलटी. मला सुलटी करायचे काम निकानोर मिस्त्रीकडे गेले. त्याने माझी डावी दारे काढून तिथे पत्रा ठोकला आणि उजवी कूस कापून नवे दार बसवले. स्टिअरिंगचे चाक डावीकडे आणले, पण चाके वळवणारी त्याची पेटी उजवीकडेच ठेवली. दोन्ही जोडायला मधून एक लांब दांडा टाकायचा होता.

"शेठ, दांडा आखूड पडतोय," निकानोर माझ्याखालून म्हणाला. "एकसंध मागवायला लागेल. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवसांत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. दोन तुकडे जोड."

"स्टिअरिंगचा दांडा आहे शेठ, खिडकीच्या पडद्याचा नाही."

"मग तू पडद्याचा समज. वर काळा रंग मार चांगला जाड. रंगाखाली सगळे जोड सारखेच दिसतात."

निकानोरने दोन तुकडे जुळवून धरले. मग त्याने वेल्डिंगची ठिणगी पेटवली. तो वाईट माणूस नव्हता. नाही म्हणण्याची सवय नसलेला होता.

फर्मीन तार्की आणि त्याची बायको इलारिया मला बघायला आले तेव्हा मी लाल-पांढऱ्या रंगात चमकत होते. फर्मीनने बावीस वर्षे दुसऱ्यांच्या बस चालवल्या होत्या. इलारिया बाजारात चुन्यो विकायची, थंडीत गोठवून उन्हात वाळवलेला बटाटा. त्या मालात तिला फसवणारा अजून जन्माला यायचा होता. दोन बोटांत एक दाणा मोडून त्याचा आवाज ऐकायची आणि सांगायची, हा आतून काळा आहे. पण बस म्हणजे चुन्यो नव्हे. तिने माझ्या खुर्च्या दाबून पाहिल्या, काच पुसून पाहिली आणि शेठकडे वळली.

"माल चांगला आहे याची खात्री कोण देणार?"

"माझा शब्द आहे, इलारियाबाई."

"शब्द मी पण रोज देते बाजारात. तुम्ही असं करा, गाडीचे पाद्रिनो व्हा."

फर्मीन चमकला. रेनानशेठही क्षणभर गडबडल्यासारखा दिसला. आमच्याकडे नवी गाडी घेतली की कोपाकाबाना गावच्या देवळासमोर नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घेतात, आणि तिला एक धर्मपिता असतो, तो पाद्रिनो. त्या दिवसापासून पाद्रिनो आणि मालक एकमेकांचे कोम्पाद्रे होतात, आणि मालकीण त्याची कोमाद्रे. ते नाते रक्ताच्या नात्याइतकेच घट्ट. कोम्पाद्रेच्या दारात भांडायला जात नाहीत आणि चारचौघांत त्याच्यावर शंका घेत नाहीत.

परतताना इलारिया नवऱ्याला म्हणाली, "आता फसवून दाखवू दे. स्वतःच्या धर्मलेकीला कोण फसवतं?"

हिशेब तिचा हुशारीचा होता. फक्त तिने तो उलट्या बाजूने मांडला. तिला वाटले, आपण शेठला बांधून घेतले. बांधले गेले ते स्वतःच.

आशीर्वादाच्या दिवशी माझ्यावर फुलांचे हार चढले, रंगीत कागदांचे कपटे उधळले. पाद्रीने पवित्र पाणी शिंपडले, पाहुण्यांनी बिअर चाकांवर ओतली. रेनानशेठने माझ्या स्टिअरिंगला लाल रेशमी फीत बांधली आणि फर्मीनला मिठी मारली. "आजपासून कोम्पाद्रे," म्हणाला, आणि त्याचे डोळे खरेच ओलावले. ढोंग म्हणावे तर ते पाणी खरे होते. अशा माणसांना रडू सहज येते. त्या दिवशी प्रत्येकाने माझ्या अंगावर काही ना काही ओतले. वाकून खाली मात्र कोणी पाहिले नाही.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. फर्मीन मला एल आल्तोहून ला पाझच्या खोऱ्यात उतरवायचा आणि पुन्हा वर आणायचा. छतातल्या डब्याची एक तार कुठेतरी हलत असे, त्यामुळे मधूनच ती जपानी बाई त्या दूरच्या शहरातल्या थांब्यांची नावे घ्यायची. प्रवाशांना वाटायचे, ती प्रार्थना म्हणते. एक आजी तर तेव्हा क्रूसाची खूण करायच्या.

"हिला कोणीतरी सांगा, पुढचा थांबा मला माहीत आहे," फर्मीन हसून म्हणायचा.

"निदान एका बाईचं तू ऐकतोस तरी," मागून कोणीतरी म्हणायचे. "घरातली ऐकवते तेव्हा तू बहिरा असतोस."

चौथ्या महिन्यात त्याच्या हाताला कळले. वळणावर चाक फिरवले की मी जरा उशिराने वळत होते. त्या सकाळी इलारिया त्याच्यासाठी आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचे गरम पेय, घेऊन माझ्या पायरीवर बसली होती.

"स्टिअरिंग सैल लागतंय," तो म्हणाला.

"मग मिस्त्रीला दाखव."

"कोणत्या? चौकातला मिस्त्री गाडीखाली शिरेल आणि संध्याकाळपर्यंत लाइनीतल्या सगळ्या चालकांना सांगत सुटेल की रेनानने असं केलं. लोक म्हणतील, फर्मीन कोम्पाद्रेची तपासणी करवतो."

"मग कोम्पाद्रेकडेच जा. त्यात लाजायचं काय?"

तो गेला. मी आवाराच्या फाटकाशी उभी होते, सगळे ऐकत होते. रेनानशेठने त्याला खुर्ची दिली, तळलेल्या डुकराच्या मांसाचे ताट पुढे केले, घरच्यांची चौकशी केली. शेवटी फर्मीनने कपाळ पुसत विषय काढला.

"अरे कोम्पाद्रे, समुद्रकाठची गाडी आहे ती. चार हजार मीटर उंचीवर आणलीस. तुला मला दम लागतो, तिला नाही लागणार?"

"पण उशीर होतो वळायला."

"बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाणल्यास. स्वतःची आली की प्रत्येक खडखड ऐकू येते. माझ्याही बायकोचं असंच झालं होतं, पहिल्या बाळाच्या वेळी."

दोघे हसले. फर्मीन हातात केक आणि शेठच्या दुकानाचे कॅलेंडर घेऊन बाहेर आला. शेठने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. माझ्याखाली शिरायला त्याला दहा मिनिटे पुरली असती. काय दिसेल हे ठाऊक असलेला माणूस पाहायला जात नाही.

ऑगस्टचा पहिला शुक्रवार उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे पाचामामाला, म्हणजे धरणीमायला, मान देतात. इलारियाने निखाऱ्यांवर धूप जाळला. फर्मीनने शुद्ध अल्कोहोलची बाटली घेऊन माझ्या चारही चाकांवर शिंपडले. एकही थेंब त्याच्या तोंडात गेला नाही.

"घोटभर तू पण घे, थंडी आहे," इलारिया म्हणाली.

"संध्याकाळी. आज चार फेऱ्या आहेत," तो म्हणाला आणि उरलेली बाटली त्याने खुर्चीखाली सरकवली.

हे वाक्य मी जसेच्या तसे सांगते आहे. दुसरे कोणी सांगणार नाही.

दुसऱ्या फेरीत, खोऱ्याकडे उतरताना, तिसऱ्या वळणावर दांडा तुटला. फर्मीनच्या हातातले चाक मोकळे गरगरले. उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगराला बांधलेली दगडी भिंत. माझी पुढची चाके स्वतःच्या मनाने डावीकडे गेली. "मागे सरका सगळे," तो ओरडला. त्यालाही उठून मागे सरकता आले असते. तेवढा वेळ होता. पण ब्रेकवरून पाय काढला तर मी थांबणार नव्हते. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून तो शेवटपर्यंत बसून राहिला.

मी त्याच्याच बाजूने भिंतीवर आदळले. तिथे पूर्वी माझे दार होते. आता नुसता पत्रा होता आणि पत्र्यामागे फर्मीन. पत्रा फाटला, दाराची जुनी तार ताणली गेली आणि छतातल्या बाईला वाटले की दार उघडले.

'उतरताना पायाखाली पाहा,' ती म्हणाली.

सव्वीस प्रवासी उतरले. काहींची हाडे मोडली, पण उतरले. फर्मीन उतरला नाही.

पोलिसांचा हवालदार आत आला तेव्हा खुर्चीखालची बाटली फुटली होती आणि माझ्या चाकांनाही वास येत होता. त्याने हुंगून पाहिले. "बाटली आहे, वास आहे. अजून काय पाहिजे?" रक्त तपासायला कोणी घेतले नाही. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक गाडीच्या चाकांना तोच वास होता, त्याच्या स्वतःच्या जीपलाही. हे त्याला माहीत नव्हते असे नाही.

लाइनीतला चालक कामावर मेला की आमच्या सगळ्या बस नऊ दिवस काळी फीत लावून धावतात. फर्मीनसाठी एकाही बसने लावली नाही. दारुड्यासाठी लावत नाहीत. इलारियाला बावीस वर्षांच्या सोबत्यांची ही शिक्षा नवऱ्याच्या मरणापेक्षा जड गेली.

महिन्याभराने ती जप्तीच्या आवारात मला भेटायला आली आणि माझ्या मोडक्या पायरीवर बसली. रेनानशेठने शवपेटीला खांदा दिला होता, सगळ्यांत मोठा हार त्याचाच होता. स्मशानात तो तिच्या कानाशी म्हणाला होता, 'कोमाद्रे, झालं ते झालं. चूक फर्मीनची होती, पण मी मनात ठेवत नाही.' हे सांगताना ती रडली नाही. मग तिने शाल काढून ठेवली, आपले घेरदार परकर आवरले आणि पाठीवर निजून माझ्याखाली शिरली.

माझ्याखाली शिरलेले या देशातले ते पहिले गिऱ्हाईक.

तुटलेला दांडा तिला लगेच सापडला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग ताजा, चकचकीत होता. उरलेला अर्धा काळा, गंजलेला. तो कित्येक दिवस आधीच चिरला होता. तिने त्या काळ्या भागावर बोट फिरवले आणि तिला समजले. आतून काळा झालेला माल ओळखणे हाच तर तिचा धंदा.

दोन्ही तुकडे आणि चाकावरची लाल फीत सोडवून घेऊन ती हवालदाराकडे गेली.

"अहवाल वर गेला, बाई. आता काही होत नाही."

"हे पुरावा म्हणून ठेवून तरी घ्या."

"कशाला? इथे लोखंडाला जागा नाही. पाहिजे तर घेऊन जा."

ती घेऊन गेली. माझा एकमेव साक्षीदार भंगार म्हणून तिच्या शालीत गेला.

पुढे लिलाव झाला आणि मला रेनानशेठनेच घेतले. धर्मलेक माहेरी आली म्हणायची. इथे आल्यावर कळले की त्याच्या अशा सदतीस धर्मलेकी रस्त्यावर धावतात. इलारियाला वाटले होते ती युक्ती तिला सुचली. तिने विचारले नसते तर त्यानेच सुचवले असते.

काल निकानोर माझ्याखाली शिरला. त्याने मोजमाप घेतले. मग म्हणाला, "शेठ, दांडा आखूड पडतोय."

"मागच्या वेळी काय केलं होतंस?"

निकानोरने वेल्डिंगची नळी ओढून घेतली. थोड्या वेळाने ठिणग्या उडू लागल्या.

शनिवारी इथे कुटुंबेच्या कुटुंबे गाड्या निवडायला येतात. त्या दिवशी इलारिया बाजार सोडून फाटकाबाहेर बसते. मांडीवर शाल, शालीवर दांड्याचे दोन तुकडे, त्यांना बांधलेली माझ्या स्टिअरिंगवरची लाल फीत. ती ओरडत नाही, कोणाला हाक मारत नाही.

"इथून उठा, मावशी," रखवालदार म्हणतो. "लोक शुभकार्याला येतात."

"मी पण त्याचसाठी आलेय," ती म्हणते.

काळ्या कपड्यांतली विधवा पाहून लोक पलीकडच्या कडेने आत शिरतात. मागच्या शनिवारी एक जोडपे असेच वळसा घालून आले. माझा फाटका पत्रा तोवर ठोकून झाला होता. बाईने माझ्या खुर्च्या दाबून पाहिल्या, काच पुसून पाहिली. मग शेठकडे वळून लाजत म्हणाली, "तुम्हीच पाद्रिनो व्हाल ना?" शेठचे डोळे ओलावले.

ते या शनिवारी परत येतील. मी निळ्या रंगात असेन. माझे त्यांना, आणि जुनी गाडी घ्यायला निघालेल्या तुम्हा सगळ्यांना एवढेच सांगणे आहे. फुले नंतर घाला. आधी कोट काढा, पाठीवर निजा आणि माझ्याखाली या. पुढच्या चाकांच्या मागे, रंगावरून बोट फिरवा. जोड हाताला लागेल.

आणि फाटकाशी बसलेल्या बाईला वळसा घालू नका. तिच्या शालीत टॉर्च आहे.