नववा प्रश्न

हर्सूलच्या एका शाळेत पालकसभेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली होती. सातवीतल्या तनुजानं वर्गनायक सत्यमच्या कपाळात स्टीलची बाटली घातली होती. तीन टाके पडले, आणि आठवडा उलटायच्या आत साऱ्या वस्तीला कारण सापडलं: मोबाईल.

“घरोघरी मारधाडीचे गेम, मारधाडीचे सिनेमे! लेकरं बिघडणार नाहीत तर काय होणार?” मुख्याध्यापक काकासाहेब माईकवर कडाडले. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत तनुजाची आई मुक्ताबाई होती, शेंद्र्याच्या कारखान्यातली अर्धी पाळी सोडून आलेली. मांडीवर अर्ज. ‘मी माझ्या पाल्याचा दाखला स्वखुशीने काढून घेत आहे,’ असं काकासाहेबांनी आपल्याच वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं. सही तेवढी राहिली होती.

“आता आपल्या विज्ञानाच्या सुलेखा मॅडम पुरावा वाचतील.”

सुलेखा उठली. मोबाईलबद्दलचे आठ प्रश्न काकासाहेबांनीच मुलांकडून भरून घ्यायला सांगितले होते. निष्कर्ष आधी ठरवून मग प्रयोग मांडलेला तिनं मुलांच्या वहीतसुद्धा चालवून घेतला नसता. म्हणून तिनं नववा प्रश्न घातला होता.

“वर्गात एक्केचाळीस मुलं,” ती म्हणाली. “मारामारीचे गेम अडतीस जण खेळतात. त्यांच्यातल्या एकानंही कुणाला बाटली मारलेली नाही. खेळत नाहीत ते तिघं. हजेरी क्रमांक सत्तावीस त्यांच्यातला. तनुजा.”

“आमच्या घरी बटनाचा फोन हाय,” मुक्ताबाई म्हणाली. “त्याच्यात कशाचा गेम? धड रेंज बी नसती.”

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

“मॅडम, बसा,” काकासाहेब माईक झाकून म्हणाले. “पुढचं नको.”

“नववा प्रश्न. गेल्या पंधरा दिवसांत तुला कोणी मारलं? एकतीस जणांनी लिहिलंय, ‘मोठे सर’.” सुलेखानं पुढचा कागद वर घेतला. “सत्तावीस क्रमांकानं लिहिलंय: मोठे सर, पट्टीनं, हातावर. सत्यम मोठ्यानं मोजत होता. मधेच आकडा चुकला म्हणून सरांनी त्याला परत एकपासून मोजायला लावलं. बाटली त्यानंतरची.”

सत्यमचे वडील कडुबा ताडकन उठले. “माझं पोरगं मोजत होतं?”

“वर्गनायकाचं कामच आहे ते. शिस्त लागते. आम्हीबी मार खाऊनच मोठे झालो,” काकासाहेब म्हणाले.

“दिसतंय ते! लेकराला असल्या कामाला जुंपता, अन् नाव मोबाईलचं सांगता व्हय?”

सुलेखाला आता खाली बसता आलं असतं.

“मी भिंतीपलीकडं प्रयोगशाळेत होते,” ती म्हणाली. “मोजणी ऐकू येत होती. माझ्या शिकवण्यात अडथळा येतो म्हणून मी उठून दार लावून घेतलं.”

काकासाहेबांचा राग तिला आलाच होता. पण त्या दाराच्या कडीचा थंडपणा आठ दिवस तिच्या बोटांतून जात नव्हता.

मुक्ताबाई उठली. अर्ज तिनं काकासाहेबांपुढं टेबलावर ठेवला, वर त्यांचंच पेन.

“सारं तुमच्याच हातचं हाय, सर. सही बी तुमीच करा. माझी पोरगी उद्या शाळंत येणार.”