गाठीची कड

गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं एक औषध आहे. ते लागू पडतंय का, हे पाहणं माझं काम. नाव-गाव पुसलेले स्कॅन येतात. मी पडद्यावर गाठीची कड हाताने आखते. शिरेतून दिलेला डाय आत किती वेगाने पोचला, ते संगणक रंगांत दाखवतो. लाल म्हणजे वाहिन्या दाट. आकडा मर्यादेवर गेला, की त्या रुग्णाचं औषध बंद.

दुपारी यकृतातली एक गाठ आली. मधे निळी, भोवती लाल कडं. आखली. आकडा मर्यादेच्या जरासा वर. सवयीने बाकीचं पोट बघत खाली गेले आणि थांबले. दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकांना जोडलेली, घोड्याच्या नालासारखी.

शिकत असताना सोनोग्राफीच्या सरावाला मी ताईला झोपवलं होतं, तेव्हा हीच दिसली होती. "बघ, ही भांडून वेगळी झाली नाहीत," ती म्हणाली होती. "आपल्यासारखी नाहीत."

ताई याच औषधावर आहे, दुसऱ्या शहरात. तिचा स्कॅन माझ्याकडे येऊ नये असं ठरलं होतं. वाटपात चूक झाली असणार.

मी कड पुन्हा आखली, केसभर आतून. लाल कडं बाहेर राहिलं, आकडा खाली आला. कुणाला शंकाही आली नसती. हात तेवढा इकडेतिकडे होतोच. पण गाठ वाढते ती कडेनेच. लागू न पडणारं औषध ताई घेत राहिली, तर दुसरं काही करून बघायचा वेळही हातचा जाणार.

दोन्ही कडा पुसल्या आणि शेजारच्या खोलीत सरांकडे गेले.

"ही फाईल तुम्ही बघाल का? ओळखीची निघाली."

"नाव तर नाही हिच्यावर. नक्की?"

"मी तिच्या पाठची आहे, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं. मग आकडा विचारायला येऊ नका."

"नाही येणार."

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"काय गं, मिठाची गुळणी धरलीस का? बोल की."

"ऐकतेय."

"परवा स्कॅन झाला. तुझ्यासारखंच कुणीतरी बघणार म्हणे. डोळे उघडे ठेवून बघतात ना?"

"बघतात."

"या वेळी मला बरं वाटतंय बाई. भूकसुद्धा लागते."

"काय जेवलीस?"

ती एकेक सांगू लागली. मी हूं, हूं करत राहिले.